25 फुटी की 30 फुटी? राष्ट्रीय उद्यानात मुक्कामासाठी आरव्ही निवडताना

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले, की कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत आरव्हीचा, म्हणजे आत झोपायची-जेवायची सोय असलेल्या मोटारीचा, विषय निघतोच. योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन असा बेत ठरतो आणि भाड्याच्या गाड्यांची यादी उघडली जाते. यादीत ढोबळमानाने तीन मापं असतात: 19-20 फुटी, 25 फुटी आणि 30 फुटी. "किती जण झोपतील?" हा पहिला प्रश्न, आणि मग "असू दे जरा ऐसपैस" म्हणत मोठी गाडी ठरते. माझं ऐकाल तर क्रम बदला. आधी मुक्कामाची जागा ठरवा, तिथे किती फूट गाडी मावते ते बघा आणि मग गाडी निवडा. चार-पाच जण असाल आणि उद्यानाच्या आतच राहायचं असेल, तर 25 फुटी घ्या. 30 फुटी काही जणांसाठी खरंच योग्य आहे, पण ती माणसं थोडी आहेत.

लांबीची मर्यादा हा कुण्या रेंजरचा, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाचा, हट्ट नाही. 1920 च्या दशकात लोक आपल्या मोटारी झाडांखाली वाटेल तिथे नेऊन लावत. चाकांखाली माती घट्ट दाबली जाई, मुळांना हवा-पाणी मिळत नसे आणि मोठमोठी झाडं मरत. एमिलियो माइनेके या वनस्पती-रोगतज्ज्ञाने हे ओळखलं आणि 1932 मध्ये कॅम्पग्राउंडची, म्हणजे मुक्कामाच्या मैदानाची, नवी आखणी सुचवली: एकेरी अरुंद रस्ता, त्याला तिरका जोडलेला प्रत्येक कुटुंबाचा छोटा फाटा, आणि गाडी त्यापलीकडे जाऊ नये म्हणून कडेला दगड आणि ओंडके. पुढे ठिकठिकाणी याच पद्धतीने कॅम्पग्राउंड बांधले गेले. ते फाटे त्या काळच्या मोटारींच्या मापाचे होते. आज आपण तिथे जेवणाचं टेबल, शौचालय आणि सहा पलंग असलेली गाडी घुसवायला बघतो. झाडं मात्र तिथेच आहेत, आणि ती राहावीत म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे. मला तरी ही मर्यादा मनापासून पटते.

आता आकडे. योसेमिटी व्हॅलीतल्या अप्पर पाइन्समध्ये आरव्हीला 35 फूट आणि ट्रेलरला, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढायच्या फिरत्या घराला, 24 फूट अशी मर्यादा आहे. नॉर्थ पाइन्स आणि लोअर पाइन्समध्ये आरव्हीला 40, ट्रेलरला 35. हे वाचून 30 फुटीवाला निश्चिंत होतो, आणि नेमकी इथेच गफलत होते. हे आकडे त्या कॅम्पग्राउंडमधल्या सगळ्यात मोठ्या जागांचे असतात. प्रत्येक जागेची मर्यादा वेगळी असते आणि ती रिक्रिएशन डॉट गव्ह या आरक्षणाच्या सरकारी संकेतस्थळावर त्या जागेच्या पानावर लिहिलेली असते. शोधताना गाडीची लांबी 25 टाकली आणि मग 30 टाकली, की फरक समोर दिसतो: जागांची यादी आखडत जाते. आधीच काही मिनिटांत संपणाऱ्या आरक्षणात पाच फुटांपायी निवड कमी करून घेणं मला परवडणारं वाटत नाही.

ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, म्हणजे दक्षिण कड्यावर, तर दोन पर्याय शेजारी-शेजारी आहेत. मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये मर्यादा 30 फूट. झाडी दाट, पण हुकअप नाहीत, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी नाही. तिथून जवळच ट्रेलर व्हिलेज आहे. तिथे 50 फुटांपर्यंतच्या गाड्या चालतात, पाणी, वीज, सांडपाणी तिन्हींची जोडणी मिळते आणि गाडी एका बाजूने आत घालून दुसऱ्या बाजूने बाहेर काढता येते. रिव्हर्स घ्यावाच लागत नाही. 25 फुटी गाडीला दोन्ही ठिकाणं खुली. 30 फुटीला मॅदर जेमतेम, आणि मागे सायकलींचा रॅक लावला की संपलंच. जोशुआ ट्रीमधल्या हिडन व्हॅली आणि व्हाइट टँकला तर मर्यादाच 25 फूट आहे. तिथे 30 फुटीचा विचारही नको.

"30 फुटी" हे गाडीचं नाव झालं, माप नव्हे. नावात 30 असलेली गाडी प्रत्यक्षात थोडी कमी किंवा थोडी जास्त भरू शकते. पुढच्या बम्परच्या टोकापासून मागच्या शेवटच्या टोकापर्यंत जे काही आहे, हिच (मागे ओढण्यासाठीचा जोड), शिडी, रॅक, सगळं धरायचं. गाडी ताब्यात घेताना टेप लावून मोजा, आणि आरक्षण करताना तोच आकडा द्या. जागा मिळावी म्हणून लांबी कमी सांगणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. गाडी मावली नाही तर रेंजर परत पाठवू शकतो, आणि भर जुलैत संध्याकाळी सात वाजता दुसरी जागा कुठून आणणार?

मावणं म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. अप्पर पाइन्ससारख्या जागी फाट्याच्या एका कडेला पाइनचं खोड, दुसऱ्या कडेला कमरेएवढा धोंडा, टोकाला आडवा ओंडका, आणि बाजूला अन्न ठेवायची लोखंडी पेटी. अस्वलांमुळे खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी ती पेटी असतेच. मागची चाकं ओंडक्याला टेकली की गाडी थांबते, पण चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग लोंबता असतो. ओंडक्यापलीकडे मोकळी जागा असेल तर तो भाग तिथे तरंगू शकतो. झाड असेल तर नाही. दुसरी भानगड पुढे जाताना वळलं की होते. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की गाडीचं मागचं टोक उजवीकडे झुलतं, आणि मागे लोंबता भाग जितका जास्त तितका झोका मोठा. ड्रायव्हरचं लक्ष डाव्या आरशात असतं आणि उजवीकडचं खोड गाडीची कड सोलून काढतं. म्हणून गाडी लावताना आणि काढताना दोन माणसं खाली उभी हवीत: एक मागे, एक ड्रायव्हरला न दिसणाऱ्या बाजूला. वर फांद्यांकडेही बघायला सांगा. 25 फुटी गाडी पहिल्यांदाच चालवणाऱ्यालाही हे जमतं. 30 फुटीत जमतं, पण घाम फुटतो, आणि मागे इतर गाड्या खोळंबलेल्या असतात. स्लाइडआउट म्हणजे बाहेर सरकणारी भिंत असेल, तर लांबीबरोबर रुंदीही तपासा. लांबीत बसलेल्या गाडीची भिंत झाडामुळे उघडता येत नाही, असंही होतं.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र या दोघींत फारसा फरक उरत नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. झायनचा 1930 साली खुला झालेला बोगदा 11 फूट 4 इंचांपेक्षा उंच किंवा 7 फूट 10 इंचांपेक्षा रुंद गाड्यांना पुरत नाही. पूर्वी अशा गाडीसाठी परवाना घेऊन समोरची वाहतूक थांबवली जाई. जून 2026 पासून त्यांना दुसऱ्या रस्त्याने वळसाच घ्यायचा आहे. 25 फुटी आणि 30 फुटी, दोन्ही या मापाबाहेर जातात. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रोडवर घाटाच्या भागात 21 फूट लांबी, आरशांसकट 8 फूट रुंदी आणि 10 फूट उंची ही हद्द आहे. तिथे 19 फुटी आरव्हीही अडकते, कारण ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या या गाड्या साधारण 12 फूट उंच असतात. लांबी बघून खूश झालेली मंडळी उंची बघतच नाहीत. त्या घाटात लाल बसच्या सहली असतात, त्यांनी जावं. ग्लेशियर हेच मुख्य ठिकाण असेल आणि दोघंच जाणार असाल, तर या दोन्ही गाड्या सोडून छोटी कॅम्परव्हॅन घ्या, आणि तिचीही उंची, रुंदी विचारून घ्या.

मग 30 फुटी कुणी घ्यावी? आजी-आजोबा धरून सहा जण असतील, आजोबांना रात्री दोनदा उठावं लागत असेल आणि डोक्यावरच्या पलंगावर चढणं कुणालाच झेपत नसेल, तर ती जास्तीची जागा ऐषआराम नव्हे, गरज आहे. अशांनी ट्रेलर व्हिलेज, किंवा यलोस्टोनमधला फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क असे मुक्काम धरावेत. फिशिंग ब्रिजला तिन्ही जोडण्या आहेत. अस्वलांमुळे तिथे तंबू चालत नाहीत, फक्त टणक भिंतींच्या गाड्या चालतात. उद्यानाबाहेरचे खाजगी आरव्ही पार्कही लांब गाड्या सहज घेतात. एक गोष्ट मात्र नक्की तपासा: 30 फुटी गाडीत सात जण झोपतात, पण योसेमिटीत एका जागेवर लहान मुलांसकट सहाच माणसं राहू शकतात. सात जणांना दोन जागा लागतील. त्यापेक्षा 25 फुटी आणि शेजारच्या जागेवर तंबू हा पर्याय मला जास्त आवडतो. पोरांना तंबूच हवा असतो.

विजेचाही विचार करा. योसेमिटीत हुकअप नाहीत आणि जनरेटर सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 7 एवढाच लावता येतो. मिक्सर, इन्स्टंट पॉट त्या वेळात उरका. गॅसच्या शेगडीवरचा साधा कुकर कधीही चालतो. आजोबांना रात्री झोपेत श्वासाचं यंत्र लागत असेल, तर तेवढ्या एका कारणासाठीही जोडणी असलेली जागा घ्या, मग गाडी कितीही फुटांची असो. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये बऱ्याच जागांवर वीज आहे, आणि तिथून शटल, म्हणजे उद्यानाची बस, चालत गाठता येते.

ट्रेलरबद्दल थोडंच सांगते. ओढणारी गाडी धरून लांबी 45 फुटांच्या पुढे सहज जाते, आणि ट्रेलर सोडल्यावर ती गाडीही त्याच जागेत लावायची असते. अप्पर पाइन्सला आरव्ही 35 फुटी चालते पण ट्रेलर 24 फुटीच, याचा अर्थ यातून कळतो. नवख्याने भाड्याने ट्रेलर घेऊ नये.

योसेमिटी व्हॅलीचं आरक्षण दर महिन्याच्या 15 तारखेला सकाळी 7 वाजता, पॅसिफिक वेळेनुसार, पाच महिने आधी उघडतं. 15 जुलै ते 14 ऑगस्टच्या दरम्यान पोहोचायचं असेल, तर 15 फेब्रुवारीला बसावं लागेल. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. येणार असलेल्या आई-बाबांनाही तिकडून त्यांच्या खात्यावर प्रयत्न करता येतो. आदल्या आठवड्यात आपल्या मोजलेल्या लांबीला पुरणाऱ्या आठ-दहा जागांचे क्रमांक लिहून ठेवा, ड्राइव्हवेची, म्हणजे गाडी लावायच्या फाट्याची, लांबी बघून. त्या वेळी पानं वाचायला सवड मिळत नाही.