‘निना’मधील फ्रेमिंग असिस्टंट: कॅमेऱ्याचा कोन दिवसाउजेडी ठरवणारे साधन

तेजोमेघ आणि दीर्घिका यांचे छायाचित्रण करणारे आपल्यापैकी बहुतेक जण दुर्बीण, माउंट (दुर्बिणीला ताऱ्यांच्या मागोमाग फिरवणारी बैठक) आणि कॅमेरा निवडताना महिनोन्‌महिने विचार करतात. परंतु तो कॅमेरा दुर्बिणीला कोणत्या कोनात जोडायचा, हा निर्णय मात्र अंधारात, दव पडू लागल्यावर, घाईघाईने उरकला जातो. हा निर्णय आदल्या दिवशी घरी बसून शांतपणे घेता यावा आणि रात्री तो जसाच्या तसा आकाशावर उतरवता यावा, यासाठी ‘निना’ या मोफत संगणकप्रणालीतील ‘फ्रेमिंग असिस्टंट’ हा विभाग मला सध्याच्या साधनांपैकी सर्वांत भरवशाचा वाटतो. ‘निना’ माउंट, कॅमेरा, फोकसर, गायडिंग (एका ताऱ्यावर लक्ष ठेवून माउंटची चाल सुधारत राहणे) असे सगळेच सांभाळते. त्या सगळ्याचे परीक्षण येथे केलेले नाही. चौकट आणि तिचा कोन एवढ्यापुरतेच हे लेखन मर्यादित आहे.

वापरण्याची पद्धत सोपी आहे. दुर्बिणीचे नाभीय अंतर, कॅमेऱ्याच्या संवेदकावरील पिक्सेलांची संख्या आणि एका पिक्सेलचा आकार एकदा भरून ठेवला, की प्रणाली त्या ठिकाणच्या आकाशाचे चित्र आंतरजालावरून मागवते आणि त्यावर आपल्या कॅमेऱ्याची आयताकृती चौकट आखून दाखवते. ही चौकट माऊसने ओढून हलवता येते आणि कोनाचा आकडा बदलून फिरवता येते. मनाजोगती जागा सापडली, की मध्यबिंदूचे विषुवांश व क्रांती (आकाशातील रेखांश-अक्षांशांसारखे निर्देशांक) आणि चौकटीचा कोन या तिन्ही गोष्टी एका बटणावर रात्रीच्या कार्यक्रमात जोडल्या जातात. चौकट दाखवणारी साधने इतरही आहेत, ‘स्टेलॅरियम’मध्ये ती सोय आहे आणि ‘टेलिस्कोपियस’ या संकेतस्थळावर तर ती फार देखणी आहे. परंतु तेथे ठरवलेला कोन प्रत्यक्षात साधला गेला की नाही, हे तपासण्याचे काम शेवटी दुसऱ्याच प्रणालीकडे सोपवावे लागते. ‘निना’त आखणी आणि पडताळणी एकाच ठिकाणी होते, आणि माझ्या पसंतीचे मुख्य कारण हेच आहे.

कोनाने किती फरक पडतो, हे देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेच्या उदाहरणावरून नीट कळते. पावसाळा सरल्यावर महाराष्ट्रात ज्या लक्ष्याकडे सर्वांच्या दुर्बिणी प्रथम वळतात, ते हेच. पुण्याच्या अक्षांशावरून ही दीर्घिका मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) सुमारे ६७ अंश उंचीवर येते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्रीचा मोठा भाग हाताशी असते. आकाशातील तिची लांबी साधारण ३.२ अंश, रुंदी एक अंश, आणि तिचा लांब अक्ष उत्तरेकडून पूर्वेकडे सुमारे ३५ अंश कललेला आहे. आता ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि २३.५ × १५.७ मिलिमीटर आकाराचा, म्हणजे एपीएस-सी वर्गातला, संवेदक घेतला तर चौकट ३.३७ × २.२५ अंशांची होते. चौकटीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली, तर दीर्घिकेची दोन्ही टोके उत्तरेला आणि दक्षिणेला कापली जातात. लांब बाजू दीर्घिकेच्या अक्षाला समांतर, म्हणजे ३५ अंशांवर ठेवली, तर ती मावते खरी, परंतु दोन्ही टोकांना जेमतेम पाच-पाच कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जागा उरते. बहुतेक नवखे हीच मांडणी निवडतात, कारण ती स्वाभाविक वाटते.

असिस्टंटमध्ये कोन हळूहळू बदलत गेले की तिसरा पर्याय आपोआप दिसतो. लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवली, तर या चौकटीचा कर्ण लांब बाजूशी सुमारे ३३.७ अंशांचा कोन करतो, आणि दीर्घिकेचा कल ३५ अंशांचा! म्हणजे काहीही अवघड न करता दीर्घिका चौकटीच्या कर्णावर जवळजवळ अचूक येऊन बसते. त्या कर्णाची लांबी ४.०५ अंश असल्याने टोकांना ऐसपैस जागा मिळते आणि एम ११० ही सोबतीण दीर्घिका वायव्येच्या मोकळ्या कोपऱ्याकडे येते, त्यामुळे तो कोपराही ओका वाटत नाही. हे गणित कागदावर करता येते, यात शंका नाही. परंतु चौकट डोळ्यांदेखत फिरताना पाहून जो अंदाज पक्का होतो, तो आकड्यांवरून होत नाही.

येथेच या साधनाची एक मोठी मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. चौकटीखाली दिसणारे चित्र बहुधा जुन्या आकाश-सर्वेक्षणाचे असते. अमेरिकेतील पालोमार आणि ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथील श्मिट दुर्बिणींनी काचेच्या पट्ट्यांवर घेतलेल्या छायाचित्रांचे ते अंकीय रूप आहे. तेजस्वी भाग त्यात उत्तम दिसतात. अरुंद पट्ट्याच्या (प्रकाशाचा ठरावीक रंगच आत सोडणाऱ्या) फिल्टरने आज जे दिसते, ते सगळे मात्र त्यात दिसत नाही. याचे ठळक उदाहरण देवयानी दीर्घिकेचेच आहे. जानेवारी २०२३ मध्ये मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी छायाचित्रकारांनी इतर सहकाऱ्यांसह दीर्घिकेच्या आग्नेयेस, मध्यापासून सुमारे १.२ अंशांवर, आयनीकृत ऑक्सिजनची एक प्रचंड कमान असल्याचे जाहीर केले. इतक्या वेळा टिपल्या गेलेल्या जागी ती तोवर कोणाच्या लक्षात आली नव्हती, आणि असिस्टंटच्या चित्रातही ती दिसत नाही. ती टिपण्याची ज्याची तयारी आहे, त्याने चौकटीचा मध्य आग्नेयेकडे सरकवलाच पाहिजे. पडद्यावर तो भाग रिकामा दिसतो म्हणून तो खरोखर रिकामा आहे, असे मानू नये. म्हणून मी चौकट ठरवण्याआधी त्या लक्ष्याची इतरांनी घेतलेली दीर्घ उद्भासनाची (एक्स्पोजरची) छायाचित्रे पाहतो आणि मगच असिस्टंट उघडतो.

काही लक्ष्यांना कोनाचे विशेष सोयरसुतक नसते. एकशृंगीतील रोझेट तेजोमेघ वाटोळा आहे. तेथे मध्य साधला की काम झाले. अश्वमुख तेजोमेघाचे मात्र तसे नाही. उत्तर दिशा वर ठेवली, तर घोड्याचे डोके आडवे झालेले दिसते. ते उभे दिसावे असे वाटत असेल, तर पश्चिम वर आणि उत्तर डावीकडे यावी लागते. पूर्ण झालेले चित्र संगणकावर नव्वद अंशांत केव्हाही वळवता येते, हे खरे. परंतु आकाशावरचा आयत आडवा पडला आहे की उभा, हे कॅमेऱ्यावरच ठरते आणि नंतर बदलत नाही. शिवाय तेथे अल्निटाकचा प्रश्न आहे. मृगाच्या पोटात शिरलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पूर्वेकडचा हा तारा इतका तेजस्वी आहे, की तो चौकटीच्या कडेवर किंवा कडेच्या किंचित बाहेर राहिला, तर त्याचा प्रकाश नळीच्या आत परावर्तित होऊन चित्रभर पसरण्याचा धोका असतो. तो एकतर स्वच्छपणे आत घ्यावा, शेजारच्या ज्योत तेजोमेघासह, नाहीतर पुरेसा दूर ठेवावा. असिस्टंटमध्ये हा निर्णय काही मिनिटांत होतो. न्यूटनी दुर्बीण वापरणाऱ्यांनी एवढे अधिक ध्यानात ठेवावे, की ताऱ्यांभोवतीच्या प्रकाशशलाका नळीतल्या आरशाच्या आधारपट्ट्यांमुळे उमटतात. कॅमेरा फिरवला की त्या चौकटीच्या मानाने तिरप्या होतात, आणि हे असिस्टंट दाखवत नाही.

रात्रीचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मोटरने फिरणारा रोटेटर असेल तर सगळे आपोआप होते. तो नसेल, आणि आपल्याकडे बहुतेकांकडे नसतो, तर उपकरणांच्या यादीत ‘मॅन्युअल रोटेटर’ हा पर्याय निवडावा. मग ‘निना’ एक छायाचित्र घेते, त्यातील ताऱ्यांची रचना ‘ॲस्टॅप’सारख्या प्रणालीकडून ओळखून घेते, सध्याचा कोन आणि हवा असलेला कोन यांतील फरक पडद्यावर दाखवते आणि कॅमेरा किती अंश फिरवायचा ते सांगून थांबते. आपण स्क्रू सैल करून कॅमेरा वळवायचा, आवळायचा आणि पुढे जाण्यास सांगायचे. प्रणाली पुन्हा छायाचित्र घेते, पुन्हा मोजते, आणि फरक आपण ठरवलेल्या मर्यादेत येईपर्यंत हे चालू राहते. स्क्रू आवळताना कॅमेरा थोडा सरकतोच, म्हणून शेवटचा अर्धा अंश हाताला त्रास देतो. कॅमेरा थेट आट्यांवर फिरवणे मात्र टाळावे, कारण त्यात जोडणीच सैल होते. मधे कुलूपबंद होणारी फिरती कडी असावी आणि तिच्यावर अंशांच्या खुणा असल्या तर उत्तम.

कोनातल्या फरकाची ही मर्यादा किती ठेवावी? वरच्याच चौकटीत, ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल धरले, तर एक पिक्सेल आकाशात १.९४ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) व्यापतो. कोन एका अंशाने चुकला, तर कोपऱ्यातला तारा सुमारे ६५ पिक्सेल सरकतो. पाच अंशांनी चुकला, तर जवळजवळ ३३० पिक्सेल, म्हणजे दहा कलांहून अधिक. वेगवेगळ्या रात्रींची छायाचित्रे एकत्र करताना हा भाग कापूनच टाकावा लागतो, आणि दीर्घिकेच्या टोकाला पाच कलांचीच जागा ठेवली असेल, तर कात्री थेट दीर्घिकेवर चालते. म्हणून मी मर्यादा एक अंश ठेवतो. त्याहून कमी ठेवून हाताने फिरवत बसण्यात रात्रीचा मौल्यवान वेळ जातो.

ही सोय येण्यापूर्वीची रीत अजूनही उपयोगी आहे: काही सेकंदांचे छायाचित्र घेता घेता माउंट विषुवांशात हळू सरकवायचा आणि ताऱ्याची उमटलेली रेघ चौकटीच्या कडेला समांतर येईपर्यंत कॅमेरा फिरवायचा. कोन शून्य किंवा नव्वद अंश हवा असेल, तर हे संगणकाशिवाय जमते. मध्यमंडल ओलांडल्यावर जर्मन पद्धतीचा माउंट उलटतो तेव्हा चित्र १८० अंशांनी फिरते. आयत मात्र तोच राहतो, त्यामुळे तेव्हा कॅमेऱ्याला हात लावण्याचे कारण नसते.

कोन बदलण्याची किंमतही मोजावी लागते, आणि असिस्टंट तिच्याविषयी काही बोलत नाही. कॅमेरा फिरवला की फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाची दुरुस्तीसाठी घेतलेली छायाचित्रे) नव्याने घ्यावे लागतात, कारण धुळीचे ठिपके आणि कडांची काळोखी आता संवेदकाच्या वेगळ्या भागावर पडते. ऑफ-ॲक्सिस गायडर (मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश गायडिंगसाठी वळवणारे उपकरण) कॅमेऱ्यासोबत फिरत असेल, तर गायडिंगचे कॅलिब्रेशनही पुन्हा करावे लागते. गायडिंगची दुर्बीण वेगळी असेल तर त्याची गरज नाही. यामुळे एका रात्रीत दोन लक्ष्ये घ्यायची असतील, तर दोघांनाही चालेल असा एकच कोन शोधणे शहाणपणाचे ठरते, आणि तो शोधण्यासाठी असिस्टंटसारखे दुसरे साधन नाही.

उणिवा आणखीही आहेत. प्रणाली केवळ विंडोजवर चालते. पहिल्यांदा उघडणाऱ्याला पडद्यावरचे रकाने आणि बटणे यांची गर्दी घाबरवते. सर्वांत जाचणारी गोष्ट म्हणजे आकाशाचे चित्र आंतरजालावरून येते, आणि सह्याद्रीतल्या ज्या जागी आकाश काळेभोर असते तेथे मोबाइलला रेंज नसते. मागवलेली चित्रे संगणकावर साठून राहतात, म्हणून घरून निघण्यापूर्वी त्या रात्रीच्या प्रत्येक लक्ष्याचे चित्र एकदा मागवून ठेवावे. आंतरजालाशिवाय चालणारा नकाशाही आहे, परंतु त्यात वस्तूंच्या केवळ बाह्यरेषा दिसतात. मध्य साधायला त्या पुरतात, रचना ठरवायला नाही. अनेक चौकटी जोडून मोठे चित्र करण्याची सोय मात्र खरोखर चांगली आहे. आडव्या-उभ्या चौकटींची संख्या आणि एकमेकींवर येणारा भाग टक्क्यांत सांगितला, की सगळे मध्यबिंदू तयार मिळतात.

मोटरचा रोटेटर घ्यावा का, असे पुष्कळ जण विचारतात. ज्यांची दुर्बीण कायम एका जागी बसवलेली आहे, रात्रभर माणसाशिवाय चालते आणि एका रात्रीत वेगवेगळ्या कोनांची लक्ष्ये घेते, अशांनी तो जरूर घ्यावा. जे सामान गाडीत घालून दर वेळी नव्या माळरानावर मांडतात, त्यांनी ते पैसे पक्की कडी आणि चांगला फ्लॅट-पॅनेल यांवर खर्च करावेत. ‘निना’चा मॅन्युअल रोटेटर त्यांना एका अंशाच्या आत आणून सोडतो, आणि तोही विनामूल्य.