अकरा वर्षं वापरलेली पिकअप विकली: भाव कसा काढला आणि बंद मीटरने कसं छळलं

२०२५च्या मे महिन्यात, रात्री साडेअकराला, शिवपुरी रोडवर घाटीगावच्या पुढे आमच्या पिकअपची क्लचप्लेट गेली. हौद्यात १८० खुर्च्या, दोन भट्ट्या, गाद्यांचे गठ्ठे, आणि तिकडे वरात दारात येऊन उभी. दुसरी गाडी बोलावून माल हलवला त्याचे साडेचार हजार, टोचन करून आणली त्याचे वेगळे, क्लचचे १४,५००. गाडी दुरुस्त होऊन दारात लागली त्या संध्याकाळी नाना ओट्यावरूनच म्हणाले, "आता पुरे. काढून टाक."

काढून टाक म्हणणं सोपं. कितीला, हे ठरवण्यात माझे पाच महिने गेले.

कंपनी आणि मॉडेल लिहीत नाही. ग्वाल्हेरात पिकअप म्हटलं की जी डोळ्यांपुढे येते तीच, २०१४ची, डिझेल, बीएस-३ (धुराच्या जुन्या नियमातली), एमपी ०७ म्हणजे ग्वाल्हेरचाच नंबर, एकच मालक. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं मंडप-बिछायतीचं काम आहे, त्यामुळे गाडी वर्षातले चार-पाच महिने राबते आणि बाकी वेळ गल्ली अडवते. इंजिनाबद्दल तक्रार नाही. पंचेचाळीस डिग्रीत भरल्या हौद्याने चढ चढली, पाणी मागितलं नाही. मागचे स्प्रिंगचे पाटे दोनदा बदलले, तो जास्त माल भरायच्या आमच्याच हावरटपणाचा दंड. रिकामी असताना खड्ड्यात अशी उडते की दात वाजतात. फाळक्याची उजवी कडी दुसऱ्या वर्षापासून तारेने बांधलेली आहे. हे सगळं चालतं. न चालणारी गोष्ट एकच: मीटर.

जुलै २०२४मध्ये काटा शून्यावर बसला आणि किलोमीटरचा आकडा १,४८,६२० वर थिजला. मिस्त्री म्हणाला, गिअरबॉक्सवरचा सेन्सर गेला, १,८०० रुपये. मी म्हटलं, खुर्च्यांना वेगाची काय पडलीय? राहू दे. त्या १,८०० रुपयांची मला जेवढी शरम वाटते, तेवढी त्या वरातीचीही वाटत नाही.

कारण पहिला माणूस गाडी बघायला आला तो चाकं बघेना, इंजिन ऐकेना. सरळ आत डोकावला. "भाईसाब, मीटर तो बंद है." झालं. पुढच्या पाच महिन्यांत सतरा जणांनी हेच वाक्य ऐकवलं. मीटर चालू असता तर तो मागे फिरवलाय म्हणाले असते, हेही मला माहीत आहे. पण बंद मीटर म्हणजे चोराने स्वतःच दार उघडं टाकल्यासारखं.

आता भाव. माझा पहिला आकडा होता सव्वातीन लाख. तो कुठून आला विचारू नका, मनातून आला. मग एक एक हिशोब करत गेलो.

पहिला हिशोब पुस्तकी. २०१४ला रस्त्यावर उतरवायला ५,८०,००० लागले होते. आयकरात अशा स्वतःच्या मालवाहू गाडीवर दरवर्षी उरलेल्या रकमेच्या १५ टक्के घसारा धरतात. अकरा वर्षं तसं कापत गेलं की ९७ हजार उरतात. हा कागदाचा भाव, या भावात कोणी गाडी देत नाही. दुसरा हिशोब भंगाराचा. इथल्याच हजिरा भागातल्या भंगारवाल्याने २८ रुपये किलो सांगितले. सोळाशे किलो धरले तर पंचेचाळीस हजारांच्या आत. तो झाला तळ. तळ माहीत असलेला बरा, कारण ट्रान्सपोर्ट नगरात बोलायला सुरुवात तिथूनच होते.

तिसरा हिशोब मी हुशारीने करायला गेलो आणि तोंडावर आपटलो. विम्याच्या पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, छापलेला असतो, तो दाखवू म्हटलं. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत आयडीव्हीचा तक्ता ठरलेला आहे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के वजा. पाच वर्षांनंतर मालक आणि विमा कंपनी आपसांत ठरवतात. आणि आपसांत मी काय ठरवलं होतं? हप्ता कमी बसावा म्हणून दरवर्षी मीच आकडा खाली आणायला लावला होता. पॉलिसीवर १,३०,०००. घेणाऱ्याने ते वाचलं, हसला, पॉलिसी घडी करून परत दिली. दोनेक हजारांचा हप्ता वाचवला होता मी.

चौथा, जाहिरातींचा. मोबाइलवर आमच्यासारख्याच पिकअप तीन-साडेतीन लाखांना लावलेल्या दिसतात. त्यातली एक मी ऑगस्टपासून बघत होतो. दिवाळीतही तिथेच, त्याच फोटोत, मागे तेच कुत्रं झोपलेलं. तो मागितलेला आकडा आहे, भाव नव्हे. भाव पाहिजे असेल तर विकून मोकळे झालेल्यांना विचारावं लागतं. ओळखीतल्या तिघांना विचारलं: पनीरवाला, एक फरशीवाला, आणि नानांच्या मित्राचा जावई. तिघांच्याही गाड्या २०१३ ते २०१५च्या, ठीकठाक अवस्थेतल्या, सरासरी २,८५,००० आली. या आकड्यावर माझा अजून विश्वास आहे.

ट्रान्सपोर्ट नगरातल्या व्यापाऱ्याने मात्र १,७०,००० सांगितले. त्याने आधी फाळक्याखाली फुगलेला रंग किल्लीने खरवडला. मूठभर गंज जमिनीवर पडला, तो त्याने बुटाच्या टोकाने पसरवून मला दाखवला. मग इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं आणि धूर येतो का ते बघितलं. आला नाही. तेव्हा तो गप्प राहिला, आणि मी ते लक्षात ठेवलं. शेवटी म्हणाला, आता आम्हाला जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, तो तुमच्या भावातूनच जाणार. मी हो-हो करत घरी आलो. वहिनी एका सीएकडे काम करते. ती म्हणाली, "भाऊजी, तो १८ टक्के त्याच्या नफ्यावर असतो. तुमच्याकडून १,७०ला घेऊन दोन लाखांना विकली तर तीस हजारांवर. म्हणजे ५,४००." २५ जानेवारी २०२५पासून दर १८ झाला हे खरं, पण व्यापारी तो मला पूर्ण किमतीवर मोजून दाखवत होता. मी जीएसटी नोंदणीबाहेरचा छोटा माणूस, मला तर काहीच लागत नाही. जुनी गाडी व्यापाऱ्याला देणार असाल तर एवढं एक वाक्य पाठ करून जा.

ग्वाल्हेरात भाव पडायला आणखी दोन कारणं आहेत, बाकी शहरांना ती इतकी लागू नाहीत. एक, दिल्ली. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, म्हणून त्या गाड्या एनओसी घेऊन आग्रा रोडने खाली आमच्याकडे येतात. अंगाने चकाचक, भावाने स्वस्त. गिऱ्हाईक त्यांचा भाव आमच्या तोंडावर मारतं. एमपी ०७चा जुना मालक असल्याचं मोल कळणारा माणूस दहात एक. दुसरं, मेळा. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला आमचा व्यापार मेळा. तिथे गाडी घेऊन ग्वाल्हेरलाच नोंदवली तर रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळत आली आहे, आणि ती हलक्या मालगाड्यांनाही. त्यामुळे दिवाळी झाली की नवी घेऊ शकणारा प्रत्येक जण म्हणतो, मेळ्यापर्यंत थांबू. आणि तो थांबला की जुनीला उठाव नाही. तेव्हा जुनी विकायची तर दिवाळीच्या आसपास, मेळ्याची हवा सुरू व्हायच्या आत.

इथपर्यंत लिहिलेलं सगळं मला सप्टेंबरच्या सुरुवातीला कळलेलं होतं आणि मी २,७५,००० सांगून ठाम बसलो होतो. मग २२ सप्टेंबर आला. घटस्थापनेच्याच दिवशी मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८चा १८ झाला. १२८ रुपयांची वस्तू ११८ला, म्हणजे पावणेआठ टक्के खाली. नऊ लाखांची नवी गाडी सत्तर हजारांनी उतरली. आनंदाची गोष्ट, कारण आम्हाला नवी घ्यायचीच होती. पण जुनीचा भाव नवीच्या शेपटीला बांधलेला असतो, हे मला आठवडाभर पचेना. ज्याने ऑगस्टमध्ये २,५५ म्हटलं होतं त्याला मी फोन केला. तो म्हणाला, "अब तो देखेंगे." त्याला ऑगस्टमध्ये नाही म्हणणारा मीच.

मग नवरात्रात एका रात्री बसून हिशोब नव्याने मांडला, आणि या वेळी घेणाऱ्याच्या खुर्चीत बसून. २,८५,००० मधून पावणेआठ टक्के गेले, राहिले साधारण २,६२,७००. आता त्याला लगेच काय करावं लागणार? मागचे दोन टायर १२,४००. हौद्याचा तळाचा पत्रा ९,०००. फिटनेस फेब्रुवारीत संपतो. आठ वर्षांवरच्या गाडीला तो दरवर्षी करावा लागतो, त्याआधी रंग, दिवे, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या मिळून ८,०००. थर्ड पार्टी विमा मार्चमध्ये, साडेसात टनांच्या आतल्या मालगाडीला १६,०४९ आणि वर कर. आणि सेन्सर १,८००. बेरीज ४७,२४९. म्हणजे रास्त भाव २,१५,५०० च्या आसपास. सव्वातीनवरून सव्वादोनच्याही खाली आलो, पण आता प्रत्येक रुपया कुठे गेला ते सांगता येत होतं.

मीटरचे मी १,८०० कापले खरे, पण बाजार त्याचे वीस-पंचवीस हजार कापत होता. संशयाचे पैसे. यावर तोड नानांनी काढली. नाना पहिल्या दिवसापासून पंपावर गेल्या गेल्या डायरीत तारीख, लिटर, रुपये लिहितात. आम्ही सगळ्यांनी अकरा वर्षं त्या डायरीची थट्टा केली. मी सहा वह्यांची बेरीज केली. मीटर बंद पडेपर्यंत १२,३८५ लिटर. १,४८,६२० भागिले १२,३८५, बरोबर बारा किलोमीटर लिटरला. त्यानंतर आजवर १,०६० लिटर, म्हणजे १२,७२० किलोमीटर. एकूण १,६१,३४०. नाना चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "हसत होतात ना?"

दिवाळी आणि तुळशीच्या लग्नाच्या मधल्या आठवड्यात डबऱ्याहून एक रोपवाटिकेवाला आला. त्याला बीएस-३च पाहिजे होती; नव्या गाड्यांचं सायलेन्सरमधलं फिल्टर चोक झालं की गाव सोडून शहर गाठावं लागतं, ही त्याची दुखरी नस. गाडीचं एकूण वजन ३,००० किलोच्या आतलं, त्यामुळे परमिटची भानगड नाही, हेही त्याला आधीच ठाऊक. त्याने मीटर बघितला, माझ्याकडे बघितलं. मी वह्या पुढे केल्या. त्याने मधलंच एक पान उघडलं. १४ मार्च २०१९, २२ लिटर, खाली नानांच्या अक्षरात "टायरमध्ये हवा, ५ रु." तो बराच वेळ ते पाच रुपये वाचत होता. मग २,१० म्हणाला, मी २,४०. दोन चहांनंतर २,२६,००० वर सौदा पटला. माझ्या हिशोबापेक्षा साडेदहा हजार जास्त. ते डायरीचे, असं मी धरतो. नाना पूर्ण रक्कम डायरीची आहे असं धरतात.

कागदांचं थोडक्यात, कारण इथे आळस महागात पडतो. फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी त्याच दिवशी भरले. विकणाऱ्याने आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं. "नाव नंतर करून घेईन" म्हणणाऱ्याला पाच हजार जास्त देत असला तरी गाडी देऊ नका. २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात. नाव लागेपर्यंत त्याने वीस हजार स्वतःकडे रोखून ठेवावेत याला आम्ही तयार झालो, तेव्हाच त्याचाही जीव भांड्यात पडला. फास्टॅग बंद केला. ताडपत्री आणि जॅक आम्ही ठेवून घेतले, जॅकवरून थोडी कुरकुर झाली.

नाव लागलं त्या दिवशी त्याने राहिलेले पैसे पाठवले आणि मागोमाग एक फोटो. डॅशबोर्डचा. काटा चाळीसवर, आकडा १,४८,७०३. खाली लिहिलं होतं, सेन्सर नव्हताच गेला, वायर उंदराने कुरतडली होती, डबऱ्यात सत्तर रुपयांत जोडून दिली.

फोटो मी नानांना अजून दाखवलेला नाही.