बिलिंग सर्व्हरसाठी एसएसडी: नवी घरगुती की जुनी डेटा सेंटरची?

दहा-बारा काउंटरचं बिलिंग, मागे पोस्टग्रेसक्यूएल (पोस्टग्रेस) हा डेटाबेस, सगळा डेटा मिळून दोन-तीनशे जीबी आणि बजेट बेताचं. अशा ठिकाणी गाडी शेवटी दोन पर्यायांवर येऊन थांबते. एक, घरगुती वापराच्या नव्या १ टीबी सॅटा (साध्या पीसीत चालणाऱ्या जोडणीच्या) एसएसडीची जोडी: सॅमसंग ८७० इव्हो, क्रुशल एमएक्स५०० या वर्गातली. दुसरा, डेटा सेंटरमधून उतरलेली ९६० जीबीची रिफर्बिश्ड जोडी: सॅमसंग पीएम८६३ए किंवा पीएम८८३, इंटेल एस४५१०, मायक्रॉन ५२००. जोडी मिरर करूनच, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा ठेवून, वापरायची आणि हार्ड डिस्क बॅकअपपुरती ठेवायची, हे धरून चालतो. भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून ते लिहीत नाही.

वाचनाच्या वेगात दोघींत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. वॉरंटीत नवी सरळ पुढे: ८७० इव्होच्या १ टीबीला ५ वर्षं किंवा ६०० टीबी लिखाण. जुनीला दुकानदाराचा शब्द, फार तर काही महिन्यांचा.

तरी माझं पारडं जुनीकडे झुकतं, ते सेव्हच्या बटणामुळे.

बिल सेव्ह झालं की पोस्टग्रेस कमिट करतो, म्हणजे नोंद पक्की करतो, आणि नोंद डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री होईपर्यंत थांबतो. घरगुती एसएसडी आलेलं लिखाण आधी तात्पुरत्या मेमरीत घेते. फ्लशचा, म्हणजे मेमरीतलं कायमचं उतरवण्याचा, हुकूम आला की ते फ्लॅशवर (कायमच्या साठवणीच्या चिपवर) उतरवल्याशिवाय तिला ‘झालं’ म्हणता येत नाही. डेटा सेंटरच्या एसएसडीत बोर्डावर कपॅसिटरची रांग असते. वीज गेली तरी त्यांतल्या साठ्यावर मेमरीतलं सगळं फ्लॅशवर उतरतं, म्हणून ती लगेच ‘झालं’ म्हणून मोकळी होते.

आता बरीच जुनी बिलिंग सॉफ्टवेअर बिलाच्या दर ओळीला कमिट करतात. ४० ओळींचं बिल, घरगुती डिस्कवर एका फ्लशला ५ मिलिसेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद. कुणाच्या लक्षातही येत नाही. पण संध्याकाळी गर्दीत कुणी स्टॉकचा मोठा रिपोर्ट लावला किंवा बॅकअप सुरू झाला, की तोच फ्लश ३० मिलिसेकंदांवर जातो आणि बिल सव्वा सेकंद अडकतं. गिऱ्हाईक पैसे पुढे करून उभं, पडद्यावर चकती फिरतेय. सर्व्हरवर पाहावं तर सीपीयू रिकामा, डिस्कवर सेकंदाला जेमतेम दोन-चार एमबी. मग दोष नेटवर्कवर जातो आणि बिचारा स्विच बदलला जातो. पाहायचा असतो तो आयओस्टॅट या लिनक्सच्या डिस्क मोजणाऱ्या कमांडमधला ‘एफ_अवेट’ रकाना. फ्लशची वाट तिथे दिसते.

खरेदीआधी मोजायचं तर पोस्टग्रेससोबतच पीजी-टेस्ट-एफसिंक हे फ्लश मोजणारं साधन येतं. त्याला फाइलचा पत्ता डेटाच्याच पार्टिशनवरचा द्यायचा, नाहीतर भलत्याच डिस्कची मोजणी होते. ‘एफडेटासिंक’ची ओळ वाचायची. माझ्या पाहण्यात घरगुती डिस्क सेकंदाला काही शे फ्लश दाखवते, कपॅसिटरवाली काही हजार. एमएक्स५००च्या जाहिरातीत वीज जाण्यापासून संरक्षण असं येतं, पण ते आधी लिहून झालेल्या डेटापुरतं. मेमरीत असलेल्या लिखाणाचं नाही.

यावर पोस्टग्रेसचं ‘सिंक्रोनस कमिट’ हे सेटिंग (कमिटला डिस्कची वाट पाहणं) बंद करा, असा सल्ला मिळतो. चालतं ते, डेटाबेस बिघडत नाही. पण मूळ सेटिंगवर सर्व्हर कोसळल्यास शेवटच्या ६०० मिलिसेकंदांपर्यंतची बिलं जाऊ शकतात. प्रिंट निघालंय आणि बिल नाही, हे हिशेबनिसाला समजावण्याची तयारी असेल तर करा. ‘एफसिंक’ (डिस्कला फ्लशचे हुकूम देण्याचं सेटिंग) मात्र कधीही बंद करू नका, अख्खा डेटाबेस हातचा जाऊ शकतो. यूपीएस आहे ना, असंही म्हणतात. पण एसएमपीएस (सर्व्हरचा पॉवर सप्लाय) जळला किंवा वायरीत पाय अडकला, तर यूपीएस काय करणार?

जुन्या मालात फसायच्या जागाही आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वस्तात मिळते ती पुष्कळदा सॅस (मोठ्या सर्व्हरच्या वेगळ्या जोडणीची) डिस्क असते. तिच्या कनेक्टरची मधली खाच भरलेली असते, सॅटाची केबल बसतच नाही. स्टोरेज कॅबिनेटमधून आलेली असेल तर सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे कप्पे) ५१२ऐवजी ५२० बाइटचे असू शकतात. ‘एसजी-फॉरमॅट’ या कमांडने बदलल्याशिवाय ती वापरता येत नाही. शिवाय नोव्हेंबर २०१९मध्ये एचपीई या सर्व्हर कंपनीने आपल्या काही सॅस एसएसडींबद्दल इशारा दिला होता: फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) बदललं नाही, तर बरोबर ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षं २७० दिवसांनी, डिस्क आणि डेटा दोन्ही जाणार. म्हणून सॅटाच मागा, ७ मिमी जाडीची, आणि फर्मवेअर ताजं करून घ्या.

पैसे देण्याआधी स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या साधनाचा पूर्ण रिपोर्ट मागा. ५ क्रमांकावर बदललेले सेक्टर, ९वर चाललेले तास. इंटेलमध्ये १७५वर कपॅसिटरची चाचणी, तर २३३वर उरलेलं आयुष्य; ते १००पासून खाली येतं. ४०,००० तास पाहून दचकू नका, ९० उरलं असेल तर डिस्क तरणीच आहे. १९९वरचा आकडा (केबलवरून येता-जाता झालेल्या चुका) वाढत असेल तर बहुधा केबल खराब. घरी आणल्यावर एकदा पूर्ण पुसून, काठोकाठ लिहून, स्मार्टसीटीएलची लाँग टेस्ट (पूर्ण तपासणी) लावून मगच मिररमध्ये घाला. आणि दोन लागतात तिथे तीन घ्या. तिसरी हीच तुमची वॉरंटी.

महिन्यातून एकदा हा रिपोर्ट उघडून पाहणारं कुणी नसेल, किंवा सॉफ्टवेअर अख्ख्या बिलाला एकदाच कमिट करत असेल, तर नवी घेण्यात चूक म्हणता येणार नाही. फक्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट ठेवणारी, लिहायला हळू फ्लॅश) टाळा: ८७० क्यूव्हीओच्या १ टीबीत ४२ जीबीचा वेगवान भाग भरला की लिखाण सेकंदाला ८० एमबीवर येतं, आणि बॅकअपमधून रिस्टोअर करण्याची वेळ नेमकी दुपारच्या धंद्यात येते.

कुठलीही घ्या, कॅबिनेटच्या आत प्रत्येक डिस्कच्या केबलला सीरियल नंबरची चिठ्ठी चिकटवा. मिररमधली एक गेली, की घाईत बिघडलेलीऐवजी चांगली डिस्क उपसून काढली जाते.