ब्रॉन्क्सचे छाप, खडेबाजारचे भाव

बेळगावातील खडेबाजार परिसरात तरुणांच्या कपड्यांचे एक लहानसे दुकान आहे. या दुकानाने यंदाच्या पावसाळी मालासाठी हिपहॉप (तालावर शब्द म्हणण्याचे, म्हणजे रॅपचे, अमेरिकी संगीत) आणि एकूणच कृष्णवर्णीय संगीत हा विषय घेतला आहे. सैल, ओव्हरसाइज टी-शर्ट साडेतीनशे ते साडेचारशे रुपयांना, तर विंडचीटर आणि हुडी सातशे ते नऊशेच्या दरम्यान मिळतात.

या संगीताच्या नावाने हजारो रुपयांचे कपडे विकले जात असताना असा स्वस्त माल मला विषयाशी अधिक प्रामाणिक वाटतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत ज्या पार्टीपासून हिपहॉपचा जन्म मानला जातो, ती सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणूनच ठेवली होती. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट प्रवेशमूल्य होते. त्या रात्री तबकड्या वाजवणारा तिचा भाऊ म्हणजे मूळचा जमैकाचा डीजे कूल हर्क. फंक या ठेकेदार नाचगाण्यांतील नुसत्या तालाचा तुकडा दोन टर्नटेबलांवर पुन्हा पुन्हा वाजवून लांबवण्याची पद्धत त्यानेच रूढ केली. दुकानात मात्र सिंडीचा कोठेच उल्लेख नाही, आणि एका टी-शर्टवर तर चक्क ‘ब्रुकलिन १९७३’ असे छापले आहे. विषय घेतलाच आहे, तर निदान शहराच्या भागाचे नाव तरी बरोबर हवे.

मागच्या रांगेत महागड्या ब्रँडांची चिन्हे छापलेले जॅकेट टांगले आहेत. त्यांच्या समर्थनार्थ कोणी न्यूयॉर्कमधल्याच हार्लेम भागातील डॅपर डॅन या शिवणकाराचे उदाहरण देईल, पण ते येथे लागू पडत नाही. १९८२ मध्ये दुकान थाटणाऱ्या या कारागिराने ती चिन्हे स्वतः चामड्यावर छापून, रॅपर आणि खेळाडूंच्या मापाने पूर्णपणे नवे कपडे शिवले. कायदेशीर कारवायांमुळे १९९२ मध्ये त्याचे दुकान बंद पडले. पुढे २०१७ मध्ये गुच्ची या महागड्या इटालियन ब्रँडने त्याच्याच जुन्या जॅकेटसारखे जॅकेट बाजारात आणले आणि टीका झाल्यावर त्याच्याशी भागीदारी केली. येथील जॅकेट मात्र निव्वळ नक्कल आहेत, शिवणही कच्ची आहे. ते घेऊ नयेत.

टी-शर्टांचे कापड चांगले आहे. तरीही जाड सुती कापड आषाढातल्या बेळगावात दोन दिवस वाळत नाही, म्हणून सध्या पातळ कापडाचाच घ्यावा. जाड हुडी थंडीत उपयोगी पडेल. स्क्रीन प्रिंटचे छाप धुतल्यावरही टिकले, पण प्लॅस्टिकसारखा चकचकीत छाप इस्त्री लागताच चिकटून उखडला. विक्रेत्या मुलाला दाखवले, तेव्हा ‘उलटा करून इस्त्री करायचा असतोय की ओ’ असे त्याने हसत सांगितले आणि कुरकुर न करता टी-शर्ट बदलून दिला. ही सूचना कपड्यावरच छापलेली असती, तर बरे झाले असते.

दुकानात कपडे घालून पाहण्याची खोली एकच आहे आणि संध्याकाळी कॉलेजच्या मुलांची तेथे रांग लागते. त्यामुळे खानापूर किंवा निपाणीहून येणाऱ्यांनी सकाळीच जावे. मोठ्या मापाचे विंडचीटर लवकर संपतात.