ब्लोअर चांगला आहे, पण झाकण उघडावे लागते

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका संगणकाच्या दुकानातून मी डिसेंबरात बॅटरीवर चालणारा, हातात धरून वापरायचा एक ब्लोअर 1,850 रुपयांना घेतला. खोक्यावर लॅपटॉपचे चित्र होते आणि त्याखाली ‘लॅपटॉप न उघडता पंख्यातील धूळ दोन मिनिटांत साफ’ अशा अर्थाचा मजकूर होता. त्या मजकुराला भुलूनच मी तो घेतला, हे आधीच कबूल करतो. पाच महिने वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की वस्तू वाईट नाही, खोक्यावरचे वाक्य मात्र खरे नाही, आणि ते वाक्य खरे मानून वापरला तर पैसे पाण्यात जातात. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घाटाचे ब्लोअर निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि पुढे जे लिहिले आहे ते त्या साऱ्यांना लागू पडते.

माझे काम प्रबंध आणि पुस्तके यांच्या मांडणीचे आहे. विद्यापीठाच्या तारखा जवळ आल्या की संशोधक विद्यार्थ्यांचे तीनतीनशे पानांचे प्रबंध, त्यांतील तक्ते आणि छायाचित्रे यांसह, एकाच आठवड्यात येऊन पडतात. घर कसबा बावड्याच्या बाजूला आहे. गळीत हंगामात फडातला पाला पेटवला की काजळीच्या पातळ काळ्या पापड्या वाऱ्यावर येतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात, हे कोल्हापूरच्या आसपास राहणाऱ्या कोणाला सांगायला नको. कपड्यांवरची काजळी डोळ्यांना दिसते. टेबलावरच्या लॅपटॉपने दिवसभर खालून आत ओढून घेतलेली काजळी दिसत नाही, एवढाच फरक. लॅपटॉप सहा वर्षांचा आहे आणि तो या हिवाळ्यात इतका आवाज करू लागला की शेजारच्या खोलीत चटणी वाटत असल्याचा भास व्हावा. मोठ्या फाईलची पीडीएफ करायला घेतली की टंकलेले अक्षर पडद्यावर उमटायला क्षणभर वेळ लागू लागला.

एचडब्ल्यूइन्फो नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर टाकून पाहिले, तेव्हा काहीही काम चालू नसताना प्रोसेसरचे, म्हणजे सारी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपचे, तापमान 58 अंश आणि पीडीएफ करताना 96 अंश सेल्सिअस दिसले. लॅपटॉपमधील बरेचसे प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या दरम्यान पोचले की जळून जाऊ नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतात. त्यामुळे ‘लॅपटॉप जुना झाला, मंद झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो मंद झालेला नसतो, गुदमरलेला असतो. नवा घ्यायचा विचार करणाऱ्यांनी आधी हा आकडा पाहावा.

ब्लोअर आणल्या दिवशी खोक्यावर सांगितले होते तसेच केले. लॅपटॉप बंद केला, उलटा केला, खालच्या जाळीवर नळी टेकवली आणि तिसऱ्या, म्हणजे सर्वांत मोठ्या वेगावर दोन मिनिटे हवा मारली. मग बिजागरीजवळच्या फटीतून उलट दिशेने मारली. टेबलावर थोडी राखाडी धूळ पडली आणि समाधान वाटले. त्या संध्याकाळी तापमान 96 वरून 91 वर आले होते. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा 95 झाले.

असे का झाले हे कळायला लॅपटॉपच्या आतील रचना ठाऊक असावी लागते. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते. तिच्यात कमी दाबाखाली थोडा द्रव असतो. प्रोसेसरच्या टोकाशी त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाशी ती निवते आणि उष्णता अशी एका टोकाकडून दुसरीकडे वाहून जाते. त्या दुसऱ्या टोकाला धातूच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या एकमेकींना जवळजवळ चिकटून उभ्या असतात. पंखा खालून हवा घेतो आणि कडेने या पट्ट्यांमधून बाहेर फेकतो. पट्ट्यांमधील फट एखाद्या मिलिमीटरची असल्यामुळे हवेबरोबर आलेला तंतू, केस, काजळी असे जे काही त्या फटीतून जाऊ शकत नाही, ते पट्ट्यांच्या आतल्या तोंडाशी, म्हणजे पंखा आणि पट्ट्या यांच्या मध्ये अडकते, त्यावर बारीक धूळ बसते आणि काही वर्षांत तिथे एक पडदाच तयार होतो. खालच्या जाळीतून हवा मारली की हा पडदा पट्ट्यांवर अधिकच घट्ट दाबला जातो. बाहेरच्या फटीतून मारली की तो सुटून पंख्याच्या घरात पडतो आणि लॅपटॉप सुरू केला की पंखा त्याला उचलून पुन्हा जागच्या जागी नेऊन बसवतो. झाकण बंद असताना धुळीला बाहेर पडायला वाट नाही. ब्लोअर कितीही दमदार असला तरी ही अडचण दमाची नाही, वाटेची आहे.

म्हणून पुढच्या रविवारी झाकण उघडले. माझ्या लॅपटॉपला खालून अकरा स्क्रू आहेत आणि त्यांतील दोन मागच्या रबरी पायांखाली लपलेले आहेत. ते न काढता झाकण ओढले असते तर प्लॅस्टिक तडकले असते. मोबाईल दुरुस्तीचा साधा संच पुरेसा होतो, मात्र फुलीचे टोक योग्य मापाचे हवे, नाहीतर स्क्रूचे डोके घासून जाते. कोणता स्क्रू कोठला हे विसरू नये म्हणून मी कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवतो. हे फार काटेकोर वाटेल, पण पूर्वी एका दुकानात रॅम वाढवून घेतली तेव्हा मागचा लांब स्क्रू पुढच्या छोट्या भोकात पिळला गेला होता आणि कीबोर्डच्या खाली, मनगट टेकते तिथे, आलेला फुगवटा अजून बोटाला लागतो. स्क्रू काढल्यावर जुने एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने सरकवत नेले की झाकण धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे आकडे एकेक करून सुटतात. त्या वेळी होणारा कडकड आवाज पहिल्यांदा काळीज हलवतो; पुढे सवय होते.

झाकण निघताच पहिले काम बॅटरीची जोडणी काढण्याचे. तारा धरून ओढायचे नाही, टोकाचा प्लॅस्टिकचा भाग नखांनी दोन्ही बाजूंनी हलवत बाहेर घ्यायचा. त्यानंतर सुरू करण्याचे बटण दहाएक सेकंद दाबून धरले की उरलीसुरली वीज निघून जाते. अंगातील स्थिर वीज जावी म्हणून मी आधी लोखंडी नळाला हात लावून येतो आणि हिवाळ्यात स्वेटर काढून बसतो. हे करण्यात एक मिनिटही जात नाही.

मग पंख्याच्या घराचे तीन बारीक स्क्रू काढून वरचा पत्रा उचलला, तेव्हा तो पडदा दिसला. पट्ट्यांच्या पूर्ण लांबीभर, जवळजवळ रुपयाच्या नाण्याइतक्या जाडीचा, राखाडी. चिमट्याने एका कोपऱ्याला धरून उचलला तर तो अखंड निघाला आणि घोंगडीची किनार कापून काढावी तसा हातात लोंबला. त्यात केस होते, कापसाचे तंतू होते आणि मधूनमधून उसाच्या पाल्याच्या काळ्या पापड्या होत्या, बोटांत धरताच त्यांची भुकटी झाली. ब्लोअर अजून हातातही घेतला नव्हता आणि साफसफाईचे मोठे काम चिमट्याने उरकले होते.

मात्र उरलेले काम ब्लोअरने फार चांगले केले आणि इथेच मला त्याची किंमत पटली. पट्ट्यांच्या फटींत खोलवर बसलेली बारीक धूळ ब्रशने निघत नाही, उलट आत सरकते. पहिल्या वेगावर बाहेरून आत, एकेका टप्प्यात तीनचार सेकंद हवा मारली, तेव्हा ती ढगासारखी उठली आणि झाकण उघडे असल्यामुळे निघून गेली. हे काम गॅलरीत करावे आणि तोंडाला रुमाल बांधावा. पंख्याच्या पात्यांवर मारताना एक पथ्य पाळलेच पाहिजे: दात कोरायची लाकडी काडी पात्यांत अडकवून पंखा स्थिर धरायचा. ब्लोअरच्या झोताने पंखा मोकळा फिरू दिला तर तो आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंग खराब होते. शिवाय उलटा फिरणारा पंखा जनित्रासारखा वीज निर्माण करतो, ती मदरबोर्डाकडे, म्हणजे सारे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पाटीकडे, जाणे बरे नव्हे. खोक्यातल्या माहितीपत्रकात याविषयी एक अक्षर नाही, ही त्या कंपनीची मला सर्वांत मोठी चूक वाटते. खोक्यावर मोटारीचे मिनिटाला 1,10,000 फेरे छापण्याला जागा होती, या सूचनेला नव्हती. तो फेऱ्यांचा आकडाही फसवा आहे, कारण मोटार किती फिरते यावरून नळीतून किती हवा कोणत्या जोराने निघते हे काहीच कळत नाही.

सारे परत जोडून त्याच प्रबंधाची पीडीएफ केली. तापमान 79 अंश, काम नसताना 46. आज, हंगाम संपल्यानंतर, ते कामाच्या वेळी 81 च्या पुढे जात नाही. प्रोसेसर आणि तांब्याची नळी यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट मी बदलली नाही. नळी उचलली नाही तर एवढ्या सफाईसाठी ती बदलावीच लागते असे नाही, पण उचलली तर बदललीच पाहिजे. ज्यांना ती पेस्ट लावण्याचा अनुभव नाही त्यांनी पंख्यापाशीच थांबावे.

आता ब्लोअरच्या गुणदोषांविषयी. पहिल्या वेगावर आवाज सुसह्य आहे, तिसऱ्यावर शेजारी दार वाजवतील इतका आहे. पूर्ण चार्ज व्हायला तीन तास लागतात आणि मोठ्या वेगावर तो माझ्या घड्याळाने चौदा मिनिटे चालतो. एका लॅपटॉपला एवढा वेळ लागतच नाही. ब्लोअरसोबत चार नळ्या येतात, त्यांतील निमुळती तेवढी कामाची. ब्रश लावलेल्या नळीचे केस पहिल्याच दिवशी गळू लागले, म्हणजे धूळ काढायच्या जागी नवे केस घालण्याची सोय. तिसऱ्या वेगावर निमुळती नळी एकदा सुटून थेट उघड्या मदरबोर्डावर पडली. नुकसान झाले नाही, पण तेव्हापासून तिच्या मुळाशी इन्सुलेशन टेपचे दोन वेढे आहेत. मागची जाळी मोठ्या छिद्रांची असल्यामुळे ब्लोअर फरशीजवळ धरला तर तो फरशीवरची धूळ मागून घेऊन पुढून लॅपटॉपवर मारतो. तो टेबलाच्या उंचीवरच चालवावा.

याच पैशांत दुसरे काय मिळते हेही पाहिले पाहिजे. दुकानात पंखा साफ करून द्यायचे मला 600 रुपये सांगितले होते. लॅपटॉप एक दिवस तिथे ठेवायचा. वॉरंटी चालू असेल तर घरी न उघडता कंपनीच्या सेवा केंद्रातच जावे, यात मला शंका नाही. हवेचा डबा मिळतो, पण त्यातील वायू पुष्कळदा ज्वालाग्राही असतो, डबा तिरपा झाला तर हवेऐवजी बर्फासारखा थंड द्रव बाहेर पडतो आणि दोन लॅपटॉप झाले की तो संपतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आतील भागांवर लावू नये, त्याच्या नळीच्या टोकाशी स्थिर वीज साठते. माझ्या एका मित्राचा सल्ला मात्र अस्सल कोल्हापुरी होता: “भावा, कशाला घालवतोस पैसे? उद्यमनगरात चल, कॉम्प्रेसरची हवा मारून आणूया की.” तिथल्या कारखान्यांत लेथ आणि साचे साफ करायला तो कॉम्प्रेसर उत्तमच आहे, पण त्याचा दाब लॅपटॉपच्या नाजूक पात्यांना फार होतो आणि टाकीत साचलेले पाणी व तेलाचा अंश हवेबरोबर फवाऱ्यासारखा येतो. मित्राने स्वतःचा लॅपटॉप तसा साफ करून आणला होता, हे त्याने नंतर सांगितले. त्याचा पंखा आता खरखरतो.

खरी स्पर्धा आहे ती कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ उडवायच्या रबरी फुग्याशी. तो दोनअडीचशे रुपयांत मिळतो, चार्ज करावा लागत नाही, पंखा वेड्यासारखा फिरवत नाही. झाकण उघडून पडदा चिमट्याने काढलात तर उरलेल्या धुळीतील बरीचशी हा फुगा आणि एक मऊ ब्रश काढू शकतात. घरात एकच लॅपटॉप असेल आणि तो वर्षातून एकदा साफ करायचा असेल तर मी फुगाच घ्या असे सांगेन. माझ्याकडे एक लॅपटॉप, दोन डेस्कटॉप आणि सदैव धुळीने भरलेले तीन कीबोर्ड आहेत, त्यांच्या मानाने ब्लोअर मला परवडला. लेझर प्रिंटरमध्ये सांडलेल्या टोनरवर मात्र तो चुकूनही मारू नये. ती भुकटी इतकी बारीक असते की घरभर पसरते आणि श्वासातून आत जाते.

झाकण उघडायची तयारी असलेल्यांसाठी पाचांपैकी साडेतीन गुण, नसलेल्यांसाठी एकही नाही. मी पुढची सफाई आता दर एप्रिलात, गळीत हंगाम आटोपल्यावर आणि पावसाची ओल त्या धुळीला चिखलासारखी घट्ट करण्याआधी करणार आहे. ब्लोअर पहिल्या वेगावर चालेल, तिसऱ्याचे बटण फक्त कीबोर्डासाठी.