मुंबईचे पूल आणि त्यांची देखभाल: अंड्यांच्या टेम्पोतून दिलेला अभिप्राय

चौदा वर्षं मी अंड्यांचा टेम्पो चालवतोय. पहाटे चारला चेंबूरहून माल भरून निघतो आणि सायन, माटुंगा, दादर, परळ करत दहाच्या आत लोअर परळला शेवटची पेटी उतरवतो. एका पेटीत सात ट्रे, म्हणजे २१० अंडी. हॉटेल कसं आहे, गॅरेज कसं आहे हे लोक लिहितात. मी रोज ज्या सेवेच्या भरवशावर गाडी घालतो ती म्हणजे या शहरातल्या पुलांची देखभाल, आणि तिच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

पुलाची तब्येत मला खड्ड्यावरून नाही, जॉइंटवरून कळते. जॉइंट म्हणजे पुलाच्या दोन तुकड्यांमधली, लोखंडी कडा आणि रबराची पट्टी बसवलेली फट. खड्डा चुकवता येतो. जॉइंट या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत आडवा असतो, त्याला बगल देता येत नाही. तो धड असेल तर चाकाखाली नुसतं ‘टक’ होतं. बिघडला असेल तर आधी पुढचं चाक आपटतं, मग मागचं, आणि त्या दुसऱ्या दणक्यात हौद्यातले सगळ्यात खालचे ट्रे जातात. उतरवताना पेटीचा तळ हाताला ओला लागला की समजायचं.

माझ्या वाटेवरच्या एका उड्डाणपुलाचं सांगतो. २०२३ च्या पावसाळ्यात त्याच्या तिसऱ्या जॉइंटमधली रबराची पट्टी सुटून वर आली. गाड्या गेल्या की ती फडफडायची, आठवड्याभरात तुटून गेली. उरली ती लोखंडी कडांमधली उघडी फट. फेरीमागे आठ-दहा अंडी फुटणारच, तेवढं आम्ही धरूनच चालतो. त्या जुलैत चाळीसच्या खाली एकही दिवस आला नाही. वहीत रोजचा आकडा लिहिलाय. फोटो काढून तक्रार केली. एका कार्यालयाने सांगितलं, हा पूल आमचा नाही. दुसऱ्याने सांगितलं, पूल आमचा, पण जॉइंटचं काम सध्या कोणाकडेच दिलेलं नाही. तिसऱ्या वेळी मोबाइलवर संदेश आला: तक्रार निकाली. सोबत डांबराचं ठिगळ मारल्याचा फोटो. त्या फोटोतला कठडा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा होता, आमच्या पुलाचा पांढरा आहे. फुटलेल्या अंड्यांपेक्षा त्या फोटोचा मला जास्त राग आला.

माझे दाजी पूलदुरुस्तीच्या कामांवर सुपरवायझर होते, आता निवृत्त आहेत. त्यांना एका रविवारी त्या जागी घेऊन गेलो. मला वाटलं, ते वर जाऊन जॉइंट बघतील. ते खाली, खांबाच्या डोक्याकडे बघत उभे राहिले. म्हणाले, “तू रबर गेलं म्हणून रडतोयस. पाणी कुठे चाललंय ते बघ.”

पुलावरचं पाणी कडेच्या जाळीतून पाइपात आणि पाइपातून जमिनीपर्यंत जायला हवं. वरची जाळी मातीने आणि गुटख्याच्या पुड्यांनी बुजलेली. खालचा पाइप अर्ध्यातच तुटलेला. त्यामुळे सगळं पाणी फुटक्या जॉइंटमधून थेट गर्डरच्या, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या तुळईच्या टोकावर आणि तिच्याखालच्या बेअरिंगवर पडत होतं. खांबावर वरपासून खालपर्यंत गंजाचा तांबूस ओघळ. दाजींनी सोबत आणलेल्या छोट्या हातोडीने हाताला पोचेल तिथे ठोकून दाखवलं. चांगल्या काँक्रीटचा आवाज ठणठणीत येतो. ओघळाजवळ बद्द आला. आतल्या सळीला गंज चढला की ती फुगते, तिला जागा पुरत नाही आणि ती काँक्रीटची खपली बाहेर ढकलते. आपल्याकडे समुद्राची खारी हवा, वर चार महिने पाऊस. ओल आत शिरू दिली तर पुलाला शत्रू बाहेरून आणावा लागत नाही.

बेअरिंग काय असतं हेही मला तेव्हाच नीट कळलं. खांब आणि गर्डर यांच्यामधली ती गादी. बऱ्याच पुलांवर रबराचे आणि पोलादी पत्र्यांचे थर एकत्र चिकटवून केलेली असते. उन्हाने गर्डर लांबतो. तीस मीटरचा गर्डर वीस अंश तापमान वाढलं की साधारण सात मिलिमीटर लांबतो, आणि ती हालचाल गादीने सोसायची असते. गादी कडक झाली, फाटली किंवा सरकली तर तो ताण खांबावर आणि गर्डरवर जातो. ती बदलायची तर जॅक लावून अख्खा पूल काही मिलिमीटर वर उचलायचा, जुनी काढायची, नवी बसवायची, पूल परत अलगद टेकवायचा.

सायनच्या उड्डाणपुलावर हे काम २०२० च्या फेब्रुवारीत सुरू झालं तेव्हा मी वैतागलो होतो. शनिवार-रविवार धरून पूल बंद, खालून सायन सर्कलला तासभर रखडायचं. १७० बेअरिंग बदलायचे होते. आज त्या कामाला मी मनापासून पूर्ण गुण देतो. ब्लॉकच्या तारखा आधी जाहीर केल्या, जड काम आठवड्याच्या शेवटी घेतलं आणि मुळात पूल पडायची वाट पाहिली नाही.

वाट पाहिली की काय होतं तेही सोसलंय. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. मग तपासण्या सुरू झाल्या आणि त्याच महिन्यात लोअर परळचा डिलाईल पूल बंद झाला. पूर्ण खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. पाच वर्षांहून जास्त! पुलापलीकडची माझी दोन गिऱ्हाइकं तेवढ्यात तुटली. मालकांचा दोष नाही, सातची अंडी नऊला पोचायला लागल्यावर ते तरी काय करणार? पुढे सायनचा रेल्वेवरचा १९१२ चा पूल १ ऑगस्ट २०२४ ला बंद झाला, १२ सप्टेंबर २०२५ ला प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल. शंभरी ओलांडलेले पूल होते, नव्याने बांधायलाच हवेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक पूल बंद झाला की त्याचा भार शेजारच्या पुलावर पडतो. त्या शेजाऱ्याचे जॉइंट आणि बेअरिंग आधी तपासून घेतले का, हे आम्हाला कोणी सांगत नाही.

पूल कोणाचा, या गोंधळाबद्दलही लिहायला हवं. महापालिका, एमएमआरडीए आणि एमएसआरडीसी या राज्य सरकारच्या संस्था, सार्वजनिक बांधकाम खातं, रेल्वे, सगळ्यांचे पूल आहेत. रुळांवरच्या पुलात तर रुळांवरचा भाग रेल्वेचा आणि दोन्हीकडचे उतार पालिकेचे. चाकाला ही हद्द कळत नाही. प्रत्येक पुलाच्या सुरुवातीला एक पाटी लावा: पूल कोणाचा, बांधला कधी, शेवटची तपासणी कधी, जॉइंट कधी बदलले, फोन कुठे करायचा. रंगाच्या दोन डब्यांचं काम आहे. आणि तपासणी म्हणजे हात लावून, ठोकून केलेली तपासणी. सीएसएमटीजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ ला पडला, तो तपासणी झालेलाच पूल होता. मी त्या भागात माल टाकत नाही, तरी ती संध्याकाळ डोक्यातून जात नाही.

आमच्या त्या पुलाचा जॉइंट अखेर २०२४ च्या थंडीत बदलला. अर्धा रस्ता बंद ठेवून रात्रीचं काम. पहाटे तिथून जाताना पोरं वाकून लोखंडी कड पातळीत आहे का बघत होती, एकाच्या हातात दोरी, दुसरा टॉर्च धरून. घाई नव्हती. काम झाल्यावर पहिल्याच फेरीला नुसतं ‘टक’ झालं आणि त्या दिवशी वहीत सात अंडी लिहिली.

एकूण सेवेला पाचपैकी तीन तारे देतोय. नव्या बांधकामाला चार दिले असते, रोजच्या निगराणीला दोनच. पाइप अजून तुटकाच आहे. परवाच्या पावसात टेम्पो बाजूला घेऊन दाजींना व्हिडिओ पाठवला: जॉइंट कोरडा, पण कडेची जाळी तुंबलेली आणि कठड्याखालून पाण्याची धार सरळ त्याच खांबाच्या डोक्यावर. ओघळ गेल्या वर्षीपेक्षा वीतभर खाली आलाय. त्या जागेचा फोटो आणि खांबाचा क्रमांक घालून कालच नवी तक्रार केली आहे.