ॲक्सेसिबल एचटीएमएल शिकताय? ऑडिट टूल की एनव्हीडीए?

टॅग माहीत आहेत, आता पानं ॲक्सेसिबल, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येतील अशी, करायला शिकायचंय, अशा वेळी बहुतेक जण लाइटहाउस किंवा ॲक्स या पान आपोआप तपासणाऱ्या ऑडिट टूल्सपासून सुरुवात करतात. दुसरी वाट म्हणजे एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) विंडोजवर टाकून आपलंच पान ऐकायचं. मी दोन्ही केलंय.

ऑडिट टूलचं शिकवणं सोपं जातं. काय चुकलं, कुठल्या ओळीत, कुठला नियम, सगळं लगेच समोर येतं. रंगांचा कॉन्ट्रास्ट तर त्यानेच मोजावा. साध्या मजकुराला ४.५:१ लागतो, तो कानाला कळणार कसा?

माझं मत फिरलं ते पानाची भाषा सांगणाऱ्या लँग ॲट्रिब्यूटमुळे. इंग्रजी टेम्प्लेटवर मराठी पान बांधलं की वर 'ईएन' तसंच राहून जातं. टूल बघतं ते इतकंच की लँग दिलंय का आणि कोड वैध आहे का. मजकूर कोणत्या भाषेत आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे शंभरपैकी शंभर. तेच पान एनव्हीडीएवर लावलं तर माझ्याकडच्या इंग्रजी आवाजाने अख्खा परिच्छेद गाळला आणि मधला रोमन लिपीतला 'पीडीएफ' तेवढा वाचला! पानाची भाषा सांगणं ही डब्ल्यूसीएजी या ॲक्सेसिबिलिटीच्या नियमावलीची अगदी पहिल्या, 'ए' पातळीची अट आहे, पण ती का आहे हे मला त्या दिवशी कळलं. आल्टमध्ये, म्हणजे चित्राच्या वर्णनात, 'फोटो' एवढंच लिहिलं तरी टूल खूश असतं. डिव्हला क्लिक लावून केलेलं बटणही बहुतेकदा सुटतं, टॅब दाबत गेलात की मात्र लगेच सापडतं.

एनव्हीडीए सुरुवातीला डोकं उठवतो, हे कबूल. कंट्रोल दाबला की गप्प बसतो, एवढं आधी शिकून घ्या. मग एच दाबत हेडिंगवरून हेडिंगवर जा, म्हणजे एच२ नंतर थेट एच४ का टाकू नये हे वेगळं वाचावं लागत नाही. अर्थात आपण डोळस माणसं पडद्याकडे बघत ऐकतो, रोज त्यावरच काम करणाऱ्याचा अनुभव वेगळाच असणार.

टीम मोठी असेल, रोज नवा कोड चढत असेल, तर टूल हवंच. एकट्याने शिकत असाल तर मी तरी आधी एनव्हीडीए टाकेन. आवाज नकोसा झाला तर टूल्स मेनूत स्पीच व्ह्यूअर आहे, त्यात बोललेलं सगळं लिहून येतं. ऑफिसात माझं त्यावरच भागतं.